नावे वाचू नका, हिशेब वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांना, हंगामाच्या सणाचे वेध लागतात. ज्यांनी हा सण पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्या रविवारी वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाची मोळी उभी करतात. पायरीवर बाजरीची कणसे, कांद्याची गोणी, भोपळे, गुळाची ढेप, टोपलीत अंडी आणि कोपऱ्यात पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव होतो. तीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. घेणारा तो घरी नेत नाही, पुन्हा लिलावाला ठेवतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकला जातो. पोरे आरडाओरडा करतात, म्हातारी माणसे पैज लावल्यासारखी बोली वाढवतात. वर्षभरात मंडळी इतकी आनंदात मी दुसऱ्या कुठल्याच दिवशी पाहिलेली नाही. नाताळलासुद्धा नाही.

मी श्रीरामपूरकडच्या एका मंडळीत लहानाचा मोठा झालो. एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे रोखपाल होतो आणि मंडळीचा खजिनदार म्हणून नऊ वर्षे काम केले. त्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक हंगामाची नोट न नोट मी मोजलेली आहे. या प्रिय सणातच एक गोष्ट अशी शिरली आहे की ती बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

लिलावाच्या आधी पाकिटे उघडतात. महिनाभर आधी प्रत्येक घरी छापील पाकीट जाते, त्यावर कुटुंबाचे नाव असते. सणाच्या दिवशी खजिनदार माइकवर एकेक पाकीट उघडून नाव आणि रक्कम वाचतो. मोठ्या रकमा आधी, म्हणजे सुरुवातच टाळ्यांनी व्हावी. आमच्याकडे ही पद्धत मी खजिनदार व्हायच्या आधीपासून होती आणि मीही ती तशीच चालवली. तिसऱ्या वर्षी यादीच्या अगदी शेवटी एका बाईचे पाकीट आले. नवरा गेलेला, दोन मुले शाळेत, कांद्याच्या चाळीवर निवडायला जायची. पाकिटात दहाच्या पाच नोटा होत्या, चार-चार घड्या घातलेल्या. त्यांना कांद्याचा वास येत होता. मी तिचे नाव वाचले आणि म्हणालो, "पन्नास रुपये." मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती खाली बघत राहिली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मग दोन-तीन महिने नाही. एकदा आठवडे बाजारात भेटली तेव्हा मीच थांबवून विचारले. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, माझ्या घरी आता पाकीट नका पाठवू." पुढे ती यायला लागली, पण दानार्पणाचे गीत संपल्यावर. थैली फिरून गेली की हळूच दाराजवळच्या बाकावर बसायची. त्या वर्षी तिची रोजंदारी दीडशे रुपये होती. पन्नास म्हणजे त्या दिवसाच्या कमाईतला तिसरा हिस्सा. ज्यांच्या दहा हजारांना आम्ही टाळ्या वाजवल्या त्या घरात दोन पगार येत होते. देणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, त्यांनीही मनापासूनच दिले होते. पण ती यादी वाचणारा मी होतो, आणि त्या बाईला उपासनेच्या पहिल्या अर्ध्या तासातून बाहेर काढणाराही मीच.

आता माझ्या आईची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय मला काय म्हणायचे आहे ते नीट कळणार नाही. आमच्या घरी चुलीशेजारी डालड्याचा एक रिकामा पिवळा डबा असायचा. दळणाला धान्य काढले की पहिली मूठ त्या डब्यात. शनिवारी संध्याकाळी स्त्री मंडळाच्या दोघीजणी पोते घेऊन घरोघर यायच्या आणि डबे पोत्यात रिकामे करायच्या. कोणाची मूठ केवढी हे पोत्यात पडल्यावर कोणालाच कळत नसे. रविवारी सगळे धान्य मापायचे आणि पाटीवर खडूने लिहायचे: एकूण इतक्या पायल्या बाजरी, पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) इतकी, अमक्या गल्लीतल्या आजारी माणसाकडे इतकी, शिल्लक इतकी. माझ्या आईला लिहितावाचता येत नव्हते, तरी ती पाटीसमोर उभी राहायची आणि मला वाचायला लावायची. 1972 च्या दुष्काळात आई-वडील दोघेही खडी फोडायच्या कामावर होते. त्या वर्षी डब्यात बाजरी नसायची, लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, असायची. आईने मूठ लहान केली. बंद केली नाही.

ही मूठ टाकणारी माणसे कोण होती हेही सांगायला हवे. आमचे पणजोबा-खापरपणजोबा गावकीच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर जगलेले. दारासमोर उभे राहून भाकर मागायची हाच त्यांचा हक्क आणि हाच त्यांचा अपमान. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात हजारो लोक ख्रिस्ती झाले आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांना चिकटला तो माझ्या लहानपणापर्यंत. ज्यांना पोटासाठी बाटले म्हणायचे त्यांच्या घरातून दर शनिवारी धान्याचे पोते भरून निघत होते. घेणारे हात देते झाले होते. आमच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

नगरला अमेरिकन मिशनने ठाणे केले 1831 मध्ये. 1854-55 साली त्या मिशनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः या भागात येऊन गेले. त्यांचा आग्रह एकच होता: प्रत्येक मंडळीला तिचा स्वतःचा पाळक असावा, त्याचा खर्च मंडळीने उचलावा आणि कारभारही मंडळीनेच करावा. हा विचार चांगला होता, पण पुढची शंभर वर्षे बंगले, शाळा, दवाखाने परदेशी पैशावर उभे राहिले आणि 'मिशन बघेल' हे वाक्य आमच्या तोंडात बसले. आता ती सोय उरलेली नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. लहान गावातल्या मंडळीने आता स्वतःच्या मुठीवरच उभे राहायचे आहे. मिझोराममध्ये हे कसे होते ते जाऊन पाहावे. तिथल्या बायका आजही स्वयंपाकाला तांदूळ काढताना मूठभर चर्चसाठी बाजूला ठेवतात, 'बुहफाइ थाम' म्हणतात त्याला, आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चचे केवढे तरी काम चालते. आपल्याकडेही हे परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड गोळा केला तो याच महाराष्ट्रात.

मग आपली माणसे आता का देत नाहीत? कमिटीत बसले की ठरलेले उत्तर मिळते: लोकांना देवापेक्षा मोबाइलचा रिचार्ज महत्त्वाचा झाला. मला हे पटत नाही. मी काउंटरच्या आत बसून लोकांना पैसे भरताना पाहिलेले आहे. ज्या पतसंस्थेचा हिशेब कळत नाही तिथून माणूस ठेव काढून घेतो. चर्चमधून तो काढून घेऊ शकत नाही, म्हणून टाकायचे कमी करतो.

पाकिटाचा तो प्रसंग झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नावे वाचणे थांबवले. फक्त एकूण आकडा वाचायचा. काही जण नाराज झाले, एका घराने त्या वर्षी पाकीटच दिले नाही. दुसरी गोष्ट, दारातल्या फळ्यावर दर महिन्याचा जमाखर्च लिहायला लागलो. दान मोजायला दोन माणसे, एकमेकांच्या नात्यातली नसलेली, आणि मोजल्यावर दोघांच्या सह्या. सोमवारी सकाळी भरणा बँकेत. रोजकीर्द दर रविवारी टेबलावर उघडी, ज्याला पाहायची त्याने पाहावी. फळ्यावर मात्र सगळे मोठ्या अक्षरात: रविवारचे दान, वर्गणी, पाळकांचे मानधन, लाइट बिल, झाडलोट, धर्मप्रांताला पाठवायचा हिस्सा, गरीब निधी.

पहिल्या महिन्यात गरीब निधीपुढे मी शून्य लिहिले, कारण शून्यच होते. लिहिताना हात थांबला होता, पुसावे की काय असे वाटले. पुढच्या रविवारी थैलीत एक कोरे पाकीट निघाले. आत पाचशेची नोट आणि चिठ्ठी: शून्य पुसा. अक्षर मी ओळखले नाही, ओळखायचा प्रयत्नही केला नाही. आणखी एकदा लाइट बिलाचा आकडा पाहून एक शेतकरी म्हणाले, एवढे कसे येते, आणि स्वतः शिडी लावून मीटर, वायरिंग सगळे तपासले. मागच्या खोलीतली लाइन परस्पर दुसरीकडे गेलेली निघाली. या माणसाने आयुष्यात कधी कमिटीत पाऊल टाकले नव्हते. वर्षाच्या शेवटी रविवारचे दान नऊशेच्या घरातून सोळाशेच्या पुढे गेले होते. दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला द्यावा यावर, एकही जादा उपदेश झाला नव्हता. पाळकसाहेबांना मीच विनंती केली होती की या वर्षी पैशावर बोलू नका, फळ्याला बोलू द्या.

माझी मुदत संपली. नव्या कमिटीला वाटले की बाहेरच्या लोकांना आपले आकडे कशाला दिसायला हवेत. आता त्या फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहितात. आणि पाकिटांची यादी परत आली, आता फोटोसकट, मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कोणी किती दिले हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक. त्याचे काय झाले हे चार-पाच जणांना. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे की हे नेमके उलटे व्हायला हवे.

हा दोष एका मंडळीचा नाही आणि एका धर्माचाही नाही. पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव, बाकाच्या पाठीवर नाव, पायरीच्या फरशीवर नाव हे आपण सगळीकडे पाहतो. स्मरणार्थ दिलेल्या वस्तूवर गेलेल्या माणसाचे नाव असावे, त्यात मला गैर वाटत नाही, माझ्या वडिलांच्या नावाचे घड्याळ आमच्या चर्चमध्ये आहे. पण नाव आणि रक्कम एकत्र वाचली की ते दान राहत नाही, आहेर होतो, आणि आहेराची परतफेड लोक मनात धरून बसतात. मोठे पाकीट देणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत कमिटीवर नको कसे म्हणणार? गरीब मनुष्य त्या रांगेत उभाच राहत नाही.

याचा भार कोणावर पडतो तेही पाहा. दान आटले की पहिले थकते ते पाळकांचे मानधन. मी खजिनदार झालो तेव्हा चार महिन्यांचे थकलेले होते आणि पाळकीणबाई किराणा दुकानात उधारीच्या वहीवर सामान आणत होत्या, हे मला दुकानदाराकडून कळले. त्या बाईंनी कधी कोणाला सांगितले नाही. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला तो स्वतः ठरवून. तसा त्याग ज्याचा त्याने करायचा असतो, मंडळीने पगार थकवून तो दुसऱ्याच्या बायकापोरांवर लादायचा नसतो.

आणि दुसरीकडे 'विश्वासाचे बी पेरा' म्हणणारे आहेत. दहा द्या, शंभर मिळतील. भाजीची गाडी लावणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने बचत गटातून उचललेल्या कर्जातून एका सभेत पाच हजार दिले होते आणि आता हप्त्याला पैसे नव्हते. घरातले आजारपण बरे होईल असे तिला सांगितले होते. देवाला देणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढणे नव्हे. कर्ज काढून दान देऊ नका हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याची जबाबदारी ज्यांना दान मिळते त्यांच्यावरच आहे.

जमिनीबद्दल थोडेच लिहितो, कारण तो विषय मोठा आहे आणि काही प्रकरणे कोर्टात आहेत. बहुतेक मंडळ्यांच्या मिळकती सार्वजनिक न्यासाच्या नावावर आहेत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे न्यासाचे हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे सक्तीचे आहे. कलम 36 प्रमाणे मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. हे आमच्या किती सभासदांना माहीत आहे? चर्चच्या आवारातल्या दुकानाचे भाडे महिन्याला किती आणि ते कोणत्या खात्यात जमा होते, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारला की विचारणारा फूट पाडतो असे म्हणतात. विश्वस्त हा मालक नसतो, कारभारी असतो. कॅथलिक बांधवांच्या धर्मकायद्यात तर हे लिहूनच ठेवले आहे: प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चला, अर्थसमिती असलीच पाहिजे, आणि श्रद्धावंतांनी जे अर्पण केले त्याचा हिशेब श्रद्धावंतांना दिला पाहिजे.

आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना कायद्याच्या पुस्तकापेक्षा बायबलचा दाखला लवकर पटतो, म्हणून तोही देतो. मंदिराच्या दानपेटीसमोर येशू बसला होता, श्रीमंत पुष्कळ टाकत होते, एका विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, टाकली. हा उतारा आम्ही हंगामाच्या सणाला दर वर्षी वाचतो, आणि लगेच पाकिटे उघडायला घेतो. त्या उताऱ्यात आकडा आहे. दोन टोल्या, नेमक्या. बाईचे नाव नाही. दोन हजार वर्षांत ते कोणाला कळले नाही. उलट ज्यांनी शेत विकून आलेल्या पैशातले काही लपवले आणि सगळे दिले असे भासवले त्या हनन्या आणि सप्पीरेची नावे मात्र लिहिलेली आहेत. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना पाठवले. पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे. मोजायला दोन माणसे बसवली की कमिटीतल्या लोकांना अपमान वाटतो, त्यांना मी नेहमी हाच दाखला देत असे.

पुण्या-मुंबईला गेलेली आमची मुले आता फोनवरून दान पाठवतात. चर्चच्या दारात क्यूआर कोड लागला आहे. ही मुले पावती मागतात, कशासाठी खर्च झाला विचारतात. काही वडीलधाऱ्यांना तो उद्धटपणा वाटतो. मला त्यांच्यात माझी आई दिसते, पाटीसमोर उभी राहून 'वाच' म्हणणारी.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा जवळ आली आहे. मी लेखी अर्ज दिला आहे की तपासलेला जमाखर्च सभेच्या पंधरा दिवस आधी मराठीत दारावर लावावा, आणि या हंगामाला पाकिटांवर नाव न घालता कोरी पाकिटे वाटावीत. अर्जाची पोच मिळाली, उत्तर अजून नाही. कमिटीने नाही म्हटले तरी कोऱ्या पाकिटांचा एक गठ्ठा मी छापखान्यातून आणून ठेवला आहे. त्यातले एक घेऊन मी कांद्याच्या चाळीवर जाणार आहे.

आपला,
एक माजी खजिनदार, श्रीरामपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)